इनलाइन हॉकीच्या जागतिक स्पर्धेला पहिल्यांदा निघताना

राष्ट्रीय संघाच्या यादीत नाव लागलं की आधी अभिनंदनाचे फोन येतात आणि त्यांच्या पाठोपाठ फॉर्म. पासपोर्टची प्रत, जर्सीचं माप, विम्याचा क्रमांक, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, पालकांची सही. संघव्यवस्थापक म्हणून अशा स्पर्धांना गेल्यावर मला एक गोष्ट पटली. नवा संघ मागे पडतो तो बहुतेक वेळा खेळ कमी असतो म्हणून नव्हे, तर त्याने चुकीचं नियमपुस्तक वाचलेलं असतं, चुकीची चाकं आणलेली असतात किंवा एखादा कागद राहिलेला असतो. या तिन्ही गोष्टी घरी बसून सुधारता येतात, म्हणून हा लेख. तुम्ही खेळाडू असा, पालक असा किंवा व्यवस्थापनाची माळ नुकतीच गळ्यात पडलेली असो, क्रमाने वाचा. घाईत असाल तर निदान पायरी १, ५ आणि ७ सोडू नका.

१. आधी ठरवा: ही स्पर्धा कोणाची, नियम कोणाचे?

पहिला सापळा इथेच आहे. इंटरनेटवर शोध घेतला की इनलाइन हॉकीच्या, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर खेळल्या जाणाऱ्या हॉकीच्या, दोन वेगवेगळ्या जागतिक स्पर्धा दिसतात आणि दोन्हींचे नियम वेगळे निघतात. त्यामागे इतिहास आहे. स्केटिंगचा जागतिक महासंघ, म्हणजे तेव्हाचा एफआयआरएस, १९९५ साली शिकागोत पहिली जागतिक स्पर्धा घेऊन मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, आइस हॉकीच्या महासंघाने, म्हणजे आयआयएचएफने, अमेरिकेत मिनियापोलिसला आपली वेगळी जागतिक स्पर्धा सुरू केली. त्यानंतर वीसेक वर्षं दोन्ही स्पर्धा शेजारी-शेजारी चालल्या. २०१७ मध्ये एक ब्रातिस्लाव्हात झाली आणि दुसरी नानजिंगमध्ये. २०१९ मध्ये आयआयएचएफने इनलाइनमधून अंग काढून घेतलं. एफआयआरएसचं दरम्यान २०१७ साली स्केटबोर्डिंगच्या महासंघात विलीनीकरण होऊन वर्ल्ड स्केट तयार झालं होतं, आणि आज जागतिक स्पर्धा त्यांच्याच छत्राखाली होते. काही वर्षी ती वर्ल्ड स्केट गेम्सचा भाग असते, जशी २०२२ मध्ये अर्जेंटिनात आणि २०२४ मध्ये इटलीत होती. पूर्वी याच महामेळाव्याला वर्ल्ड रोलर गेम्स म्हणत. २०१९ चे बार्सिलोनाला झाले.

हे सगळं सांगायचं कारण असं की आयआयएचएफचं जुनं नियमपुस्तक अजून नेटवर फिरतं. त्यात सामना बारा-बारा मिनिटांच्या चार भागांचा आहे. वर्ल्ड स्केटच्या वरिष्ठ गटात वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं असतात. चार भागांच्या हिशोबाने दम राखायला शिकलेला संघ वीस मिनिटांच्या सत्रात पंधराव्या मिनिटाला धापा टाकतो.

आणखी एक गल्लत होते ती रिंक हॉकीशी. चार कोपऱ्यांत चार चाकं असलेले क्वाड स्केट, वाकडी छोटी काठी आणि कडक चेंडू, हा तो वेगळा खेळ. तोही वर्ल्ड स्केटकडेच आहे आणि त्याच मेळाव्यात खेळला जातो, त्यामुळे संकेतस्थळावर दोघांची पानं जवळजवळ असतात. चुकीच्या खेळाचं वेळापत्रक उतरवून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

तेव्हा दोन कागद मिळवा: चालू नियमपुस्तक, आणि त्या विशिष्ट वर्षाच्या स्पर्धेची नियमावली. पहिला खेळाबद्दल असतो. दुसऱ्यात प्रवेशाच्या तारखा, संघातली खेळाडूंची संख्या, वयोगट, शुल्क आणि गटरचना असते. दोघांत तफावत वाटली तर आयोजकांना लेखी विचारा. तोंडी उत्तर स्पर्धेच्या टेबलावर कोणी मानत नाही.

२. प्रवेश कोण भरतो?

तुम्ही नाही, तुमचा क्लबही नाही. जागतिक स्पर्धेत प्रवेश राष्ट्रीय महासंघामार्फतच जातो. क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा वेगळ्या असतात, तिथे संघ थेट नाव देऊ शकतात. पण देशाच्या नावाने खेळायचं असेल तर महासंघाने खेळाडूची नोंदणी करावी लागते आणि पासपोर्ट त्या देशाचा असावा लागतो. दोन देशांचे पासपोर्ट असतील, किंवा आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असाल, तर ही गोष्ट निवडचाचणीआधीच सांगा. तिथे बदलाचे स्वतंत्र नियम लागतात आणि त्याला वेळ लागतो.

ज्युनियर गटात वय कोणत्या तारखेला मोजतात ते नियमावलीतच पाहा. चाचणीच्या दिवशी वयात बसणारा खेळाडू स्पर्धेच्या हिशोबात बसेलच असं नाही.

३. कागदपत्रं

यादी छोटी आहे, पण प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध असलेला बरा. पानं रिकामी आहेत ना, तेही बघा.
- आयोजकांचं निमंत्रणपत्र, ज्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने हवं.
- महासंघाचं पत्र: संघात निवड झाली आहे आणि खर्च कोण करणार आहे, हे सांगणारं.
- व्हिसा, लागत असेल तर.
- वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.
- प्रवास आणि दुखापतीचा विमा.
- अठराखालील खेळाडूसाठी पालकांचं संमतिपत्र, कोणत्या प्रौढाबरोबर मूल प्रवास करणार त्याच्या नावासह.
- नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. याबद्दल पायरी ७ मध्ये.

स्पर्धा इटलीत, स्पेनमध्ये किंवा शेंगेन क्षेत्रातल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशात असेल आणि तुम्हाला व्हिसा लागत असेल, तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका. अर्ज करणं वेगळं आणि भेटीची वेळ मिळणं वेगळं. उन्हाळ्यात वेळच मिळत नाही. त्या व्हिसासाठी विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. साधी प्रवासविमा पॉलिसी घेतली की ही अट पूर्ण होते, पण बारीक अक्षरांत अनेकदा ‘स्पर्धात्मक खेळातील दुखापत वगळून’ असं लिहिलेलं असतं. व्हिसा मिळतो, मनगट मोडलं की पैसे मिळत नाहीत. ‘हॉकी स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत धरली आहे का?’ हा प्रश्न कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

संपूर्ण संघाचे व्हिसा अर्ज एकत्र देण्याचा प्रयत्न करा. एक गोलकीपर मागे राहिला तर तुमचे चौदा जण पोहोचूनही उपयोग नाही. म्हणून दुसऱ्या गोलकीपरचे कागद पहिल्याइतक्याच काळजीने करा. तो खेळणार नाही असं सगळे गृहीत धरतात, आणि नेमकी त्याचीच गरज पडते.

४. मैदानावर काय वेगळं आहे

खेळाची तोंडओळख असेलच, तरी आइस हॉकीतून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. रिंकवर प्रत्येक संघाचे चार स्केटर आणि एक गोलकीपर. ऑफसाइड नाही. बॉडी चेक नाही. अंगावर जाऊन आदळलात की दंड. लहान दंड दोन मिनिटांचा, मोठा पाच मिनिटांचा. चारातला एक बाहेर बसला की उरतात तीन, म्हणजे आइस हॉकीत पाचातला एक गेल्यापेक्षा जागा कितीतरी जास्त मोकळी होते. दोघं बसले तर चाराविरुद्ध दोन. ते मिनिट फार लांब असतं.

ऑफसाइड नसल्यामुळे खेळाचा सगळा स्वभाव बदलतो. बर्फावर पक (चेंडूऐवजी असलेली चपटी चकती) पुढे भिरकावून त्याच्यामागे धावणं ही शहाणी चाल असू शकते. इथे ती म्हणजे पक प्रतिस्पर्ध्याला बहाल करणं. चांगले संघ वाट बंद दिसली की सरळ मागे फिरतात, स्वतःच्या गोलमागे जातात, शांतपणे पक एकमेकांत फिरवतात आणि तुमचा एखादा खेळाडू उतावीळ होऊन जागा सोडेपर्यंत थांबतात. अमेरिका, चेक प्रजासत्ताक, इटली, फ्रान्स यांचे सामने पाहा. पंधरा-वीस सेकंद काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग दोन पासमध्ये गोल होतो. नव्या संघाचे खेळाडू पकच्या मागे धावून पहिल्या सत्रातच थकतात. जागा धरून उभं राहणं, पाठलाग न करणं, हे सरावात कंटाळवाणं वाटतं. तरी महिनाभर तेवढंच करा. नवीन ट्रिक शॉट शिकण्यापेक्षा याचा फायदा जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे.

पकही वेगळा. बर्फावरचा रबरी पक १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. इनलाइनचा प्लास्टिकचा, त्याहून हलका, आणि घसरावा म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी छोटी बटणं बसवलेली असतात. बटणं झिजली की पक उभा राहून चाकासारखा पळतो. सराव झिजलेल्या पकने केला तर हाताला चुकीची सवय लागते. महासंघाकडून स्पर्धेचा अधिकृत पक कोणता ते विचारून घ्या आणि तेच मॉडेल वापरा.

५. चाकं आणि फरशी

इनलाइन हॉकीत बर्फ नसतो, पण ‘फरशी’ म्हणजे नेमकं काय याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मोठ्या स्पर्धांत बहुतेक वेळा प्लास्टिकच्या एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स असतात. सरावाच्या रिंकवर गुळगुळीत सिमेंट, रंगवलेलं काँक्रीट किंवा लाकूड असू शकतं. तुम्ही वर्षभर खरखरीत सिमेंटवर खेळला असाल तर तुमची कडक चाकं टाइल्सवर घसरतील. उलट मऊ चाकं सिमेंटवर नेलीत तर एका आठवड्यात झिजून जातील.

चाकाचा कडकपणा चाकावरच छापलेला असतो: आकडा आणि पुढे ‘ए’. आकडा जितका लहान तितकं चाक मऊ. ढोबळ हिशोब असा:

- बंदिस्त रिंकवरच्या टाइल्ससाठी ७४ए ते ७६ए. हलक्या खेळाडूला ७२एसुद्धा चालतं.
- गुळगुळीत सिमेंट किंवा लाकडासाठी ७६ए ते ७८ए.
- बाहेरच्या खरखरीत जागेसाठी ८२ए किंवा वर.

वजन जास्त असेल तर एक पायरी कडक घ्या. जड खेळाडूखाली मऊ चाक दबतं आणि वेग खातं. दोन प्रकारची चाकं मिसळण्याचीही पद्धत आहे, पण पहिल्या स्पर्धेत प्रयोग नको.

मापाकडेही लक्ष द्या. बऱ्याच हॉकी स्केट्सची चेसी (बुटाखालची चाकांची चौकट) पुढे लहान आणि मागे मोठी चाकं घेते, उदाहरणार्थ पुढे ७६ मिमी आणि मागे ८० मिमी. दुकानात आठही चाकं एकाच मापाची घेतलीत तर अर्धी बसणार नाहीत. बेअरिंगचंही तसंच: एका जोडीला सोळा लागतात. बहुतेक स्केट्सना ६०८ हे नेहमीचं माप, पण काही चाकांना ६८८ हे बारीक बेअरिंग लागतं. दोघांचं मधलं भोक ८ मिमीच, त्यामुळे हातात घेतल्यावर सारखंच वाटतं. बाहेरचं माप मात्र २२ मिमी आणि १६ मिमी. संघासाठी सुटे भाग घेताना प्रत्येकाचं माप लिहून घ्या.

नवी चाकं स्पर्धेत पहिल्यांदा लावू नका. नव्या चाकावर साच्याचा चकचकीत थर असतो, तो जाईपर्यंत घसरतं. घरी दोन-तीन सराव करून थर घालवा, मग पुसून पिशवीत ठेवा. स्पर्धेच्या रिंकवर उतरण्याआधी चाकं ओल्या फडक्याने पुसा. बाहेरून चालत आलेली धूळ हे पकड जाण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं आणि लोक दोष चाकांना देतात. त्यासाठीच स्केट्स रिंकच्या दारापाशी चढवा, वाहनतळावर नाही.

गोलकीपरचं दुखणं निराळं. बर्फावर गुडघ्यावर बसून सरकता येतं. टाइल्सवर पॅड अडकतो. म्हणून इनलाइनचे गोलकीपर पॅडच्या आतल्या कडेला घसरपट्ट्या लावतात. त्या लावून सरावल्याशिवाय नेऊ नका, कारण सरकण्याचं अंतर बदलतं आणि गोलकीपर खांबाच्या पलीकडे जाऊन बसतो.

६. सामान भरताना

संरक्षक साहित्य: हेल्मेट (जाळी किंवा व्हायझरसह), हातमोजे, कोपर-पॅड, नडगी-पॅड, गर्डल (कमर-मांड्यांचं पॅड), जॉकस्ट्रॅप किंवा जिलस्ट्रॅप (जांघेचं संरक्षण, पुरुषांचं आणि महिलांचं), लांब पँट, माउथगार्ड. ज्युनियर आणि महिला गटात चेहऱ्याच्या संरक्षणाचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या गटाचं कलम वाचूनच हेल्मेट घ्या. तडा गेलेलं हेल्मेट तपासणीत बाद होतं.

हत्यारं: एक्सलला बसणारी ॲलन की (दोन, कारण एक हरवतेच), बेअरिंग काढायचं साधन, सुटे एक्सल, लेस, स्टिकची टेप, हेल्मेटचे स्क्रू, छोटा स्क्रूड्रायव्हर. हे सगळं चेक-इन सामानात टाका.

विमानात एका बॅगेचं वजन सहसा २३ किलोंपर्यंत चालतं. ३२ किलोंवरची बॅग बहुतेक विमान कंपन्या घेतच नाहीत. गोलकीपरची बॅग या रेषेवर असते, घरी तोलून बघा. स्टिकच्या लांबीसाठी कंपनीला आधी कळवा आणि ‘क्रीडासाहित्य’ म्हणून नोंद करून घ्या. दांडा आणि पातं वेगळं होणारी स्टिक असेल तर प्रवास सोपा होतो.

बॅग हरवली तर काय, याचा विचार निघण्याआधी करा. स्टिक, हातमोजे, हेल्मेटही दुसऱ्या संघाकडून उसनं मिळतं. इनलाइन हॉकीतले लोक या बाबतीत दिलदार असतात. पायाला बसलेले बूट मात्र कोणी देऊ शकत नाही. विमान कंपनी परवानगी देत असेल तर स्केट्स हातातल्या बॅगेत ठेवा. एक जर्सी आणि माउथगार्डसुद्धा.

७. औषधं आणि उत्तेजक चाचणी

‘आमची कोण चाचणी करणार’ असं म्हणू नका. वर्ल्ड स्केट जागतिक उत्तेजकविरोधी संहिता मानतं, त्यामुळे शेवटच्या क्रमांकावरच्या संघातल्या खेळाडूचीही चाचणी होऊ शकते. नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडू. डॉक्टरने दिलं, आईने दिलं, संघाच्या डब्यात होतं, हे सगळं नंतर शिक्षा कमी करण्यासाठी सांगता येतं. निकाल त्याने बदलत नाही.

सगळ्यात जास्त धोका सर्दीच्या गोळ्यांचा. त्यातलं स्यूडोएफेड्रीन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं तर बंद आहे. हा ‘स्पर्धेचा काळ’ सामन्याच्या आदल्या रात्री ११:५९ पासून सुरू होतो, पण औषध शरीरात त्याआधीपासून असतं. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. सूज उतरवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. गुडघा दुखतो म्हणून निघायच्या आठवड्यात ते घेणारे असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

बंदी असलेलं औषध खरोखर गरजेचं असेल तर ‘उपचारासाठी सूट’ मागता येते, तिला टीयूई म्हणतात. अर्ज स्पर्धेच्या किमान तीस दिवस आधी करा. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर वर्षी १ जानेवारीला नवी लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षी चाललेलं औषध पुन्हा तपासा. शक्तिवर्धक पावडर वगैरेंबद्दल माझा सल्ला एकच: नेऊ नका. डब्यावर जे लिहिलेलं असतं तेवढंच आत असतं याची खात्री कोणी देत नाही.

चाचणीसाठी बोलावलं तर घाबरू नका. सूचना मिळाल्यापासून एक सहायक सतत तुमच्याबरोबर राहतो. फोटो असलेलं ओळखपत्र न्या, संघातला एक माणूस सोबत घ्या. अठराखालील खेळाडूबरोबर प्रौढ असलाच पाहिजे. लघवीचा नमुना किमान ९० मिली लागतो. सामन्यानंतर अंगातलं पाणी घामाने गेलेलं असतं, त्यामुळे वेळ लागतो. संघाची बस थांबवायची की पुढे पाठवायची हे आधीच ठरवून ठेवा. पाणी फक्त सीलबंद बाटलीतलं प्या. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं फॉर्मवर लिहावी लागतात, म्हणून ती यादी फोनमध्ये तयार ठेवा.

८. पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस

आधी ओळखपत्रं घ्या. बेंचवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे ते लागतं, फिजिओकडे आणि पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्याकडेही.

मग तांत्रिक बैठक. तिला प्रशिक्षक आणि व्यवस्थापक दोघांनी जावं, झोप आली असली तरी. खेळाडूंची अंतिम यादी, जर्सीचे क्रमांक, कोणत्या सामन्यात फिका रंग आणि कोणत्यात गडद, हे सगळं तिथे पक्कं होतं. यादीवर सही केल्यावर बदल करणं जवळजवळ अशक्य असतं. तिथेच विचारायचे प्रश्न: गटात गुण समान झाले तर क्रम कसा लावणार, बरोबरी झाली तर जादा वेळ किती, बाद फेरीत पद्धत बदलते का, आणि तक्रार कुठे, किती वेळात, किती शुल्क भरून करायची. गोलफरक मोजला जाणार असेल तर आठ गोलांनी मागे असलेल्या सामन्यातही शेवटची पाच मिनिटं बचाव करायची असते. हे खेळाडूंना सामन्याआधी सांगा. बेंचवर ओरडून कळत नाही.

सरावाची वेळ मिळेल, पण थोडी. ती शॉट मारण्यात घालवू नका. रिंकभोवतीच्या फळ्यांवरून पक कसा परत येतो, कोपऱ्यांत टाइल्स कुठे हलतात, गोलमागे किती जागा आहे, एवढं पाहा. चाकं बदलायची असतील तर इथेच ठरतं.

९. सामन्याचा दिवस

तासभर आधी पोहोचा. गुणपत्रिकेवरची नावं आणि क्रमांक सही करण्याआधी एकेक करून जुळवा. चुकीच्या क्रमांकाने खेळणारा खेळाडू दंड ओढवतो. पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं. पाळ्या, म्हणजे बदली होईपर्यंत खेळाडूने सलग खेळायचा वेळ, लहान ठेवा, पाऊण मिनिट ते एक मिनिट. दमलेला खेळाडू बदलीला येताना पक आपल्या ताब्यात असेल असं पाहा, नाहीतर चारातला एक बेंचजवळ अडकलेला असतो आणि समोर तिघंच उरतात.

दुखापत झाली, किरकोळ वाटली तरी, त्याच दिवशी स्पर्धेच्या डॉक्टरकडून लेखी नोंद घ्या. घरी परतल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागते, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये कळवण्याची मुदत दुखापतीच्या दिवसापासून मोजतात.